दुसऱ्यासाठी मागितलेली जागा

अनघा मोघे कामाला चोख होती, आणि तेवढं पुरतं असं तिला बरीच वर्षं वाटत होतं.

पुण्यात सीए झाल्यावर ती लग्न करून प्रबोधबरोबर सिंगापूरला आली. प्रबोध आयटीतला. त्याची नोकरी चांगीच्या बाजूला, तिची रॅफल्स प्लेसला, एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात. काही वर्षांनी दोघांना पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, सेरंगूनला फ्लॅट घेतला, मुलगी आर्या जवळच्याच शाळेत जाऊ लागली. कंपनीचा धंदा आजूबाजूच्या पाच देशांत होता. महिना संपला की त्या पाचही देशांचे हिशेब जुळवून मुख्य ऑफिसला पाठवायचे, हे अनघाच्या टीमचं काम. ते कधी उशिरा गेलं नाही. दुपारी ती जागेवरच डबा खायची आणि संध्याकाळी काम संपलं की सरळ एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची. कंपनीच्या पार्ट्या, अकाउंटंट लोकांची संमेलनं, कुणाचा निरोप समारंभ, कशालाच ती जायची नाही. हातात ग्लास धरून अनोळखी माणसांशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारणं हा नोकरीचा भाग आहे असं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिने ते हसण्यावारी नेलं असतं.

वरुण २०११ मध्ये पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर तिच्या हाताखाली आला. तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. हुशार होता, पण जागेवर सापडायचा नाही. सकाळी कॉफीला खाली जायचा तो रोज वेगळ्या माणसाबरोबर. कधी क्लेम विभागातलं कुणी, कधी कायदेवाली बाई, कधी शेजारच्या बँकेतला ओळखीचा.

"अरे, तुझं अर्धं काम लिफ्टमध्येच होतं," अनघा एकदा म्हणाली.

"अर्ध्याहून जास्त," वरुण हसत म्हणाला.

तीन वर्षांनी विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी वरुण आला. अनघाला ते सगळ्यांबरोबर मीटिंगमध्येच कळलं. तिने टाळ्या वाजवल्या, जागेवर येऊन थायलंडचे आकडे पुरे केले आणि घरी गेली. जेवताना तिने प्रबोधला सांगितलं.

"तू अर्ज केला होतास?" प्रबोधने विचारलं.

"मला कुणी विचारलंच नाही."

"त्याला कुणी विचारलं होतं?"

तिला राग आला होता, पण तो नक्की कुणाचा हे तिला ठरवता येईना. वरुण तिच्याशी आधीसारखाच वागत होता. मराठीत बोलताना तो तिला ‘तुम्ही’च म्हणायचा, ती त्याला ‘तू’च म्हणायची. मीटिंगमध्ये सगळे इंग्रजी बोलायचे, तिथे हा प्रश्नच यायचा नाही.

प्रमुख झाल्यावर वरुणने आधी मजल्याचं रूप बदललं. मधले आडोसे काढले, लांब टेबलं मांडली, मधोमध कॉफीचं मशीन ठेवलं. कुणाचीच जागा पक्की राहिली नाही. सकाळी यायचं, लॉकरमधून लॅपटॉप काढायचा आणि मिळेल तिथे बसायचं. माणसं एकमेकांना भेटली पाहिजेत, नुसत्या ईमेल करत बसू नयेत, असं त्याचं म्हणणं होतं. अनघाच्या टीममधल्या हॉक कियोंगला हे अजिबात पटलं नाही. तो पन्नाशी ओलांडलेला सिंगापुरी चिनी माणूस. कंपनीत अनघाच्याही आधीपासून होता, आणि पुनर्विम्याचे हिशेब, म्हणजे विमा कंपनी स्वतःची जोखीम दुसऱ्या कंपनीकडे उतरवते त्याचे हिशेब, एकटा सांभाळायचा. लांबच्या यिशुनहून सगळ्यांच्या आधी येऊन तो खिडकीजवळच्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या शेडमध्ये, लोक जागा धरतात तशी रोज तीच जागा धरायचा. वरुणने दोनदा समजावून सांगितलं, मग नाद सोडला.

अनघालाही आवडलं नव्हतं. पण काम भराभर होऊ लागलं हे तिला नाकारता येईना. पूर्वी क्लेमवाल्यांना एक गोष्ट विचारायला तीन ईमेल लागायच्या. आता शेजारी बसलेल्या माणसाकडे खुर्ची वळवली की झालं. तिच्या टीमने कामाच्या सगळ्या रीती नीट लिहून काढल्या, अडचणी लगेच सुटू लागल्या, महिन्याचे हिशेब आधीपेक्षा लवकर जायला लागले. मुख्य ऑफिसातून कौतुकाची ईमेल आली.

आणि काम इतकं सुटसुटीत झालं म्हणूनच ते हलवता येण्यासारखं झालं.

मार्च २०१६ मध्ये वरुणने तिला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं. दार लावलं आणि मराठीत बोलायला लागला, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"आपलं काम पुण्याला जातंय," तो म्हणाला. "खराडीला कंपनी सेंटर काढतेय. डिसेंबरपर्यंत सगळं तिकडे गेलेलं असेल."

"कुणी ठरवलं?"

"वरून आलंय. मी विरोध केला असता तरी झालं असतं."

"केलास का?"

"नाही. केला नाही."

खोटं बोलला नाही याबद्दल तिला त्याच्याविषयी थोडं बरं वाटलं. "माझ्या पाच माणसांचं काय?"

"एचआर पैसे देईल, नियमाप्रमाणे. थोडे जास्तच. तुमची जागा मात्र पक्की आहे. पुण्याची टीम तुम्हीच बघायची. महिन्यातले दोन आठवडे तिकडे, दोन इकडे. आईवडीलही तिथेच आहेत ना तुमचे?"

अनघा आपली माणसं मनात मोजत होती. पाचांपैकी दोघं तरुण होते, त्यांना काही ना काही मिळालं असतं. स्यू लिंग आणि मलार या दोघी चाळिशीच्या पुढच्या, घरी मुलं, म्हातारी माणसं. आणि हॉक कियोंग.

"वरुण," ती म्हणाली, "तू ज्या लोकांना भेटत असतोस ना, त्यांच्याकडे मला घेऊन चल."

"तुमच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी. मला काही येत नाही त्यातलं. तू शिकव."

वरुण हसला नाही. त्या महिन्यातच अकाउंटंट लोकांच्या संघटनेचा एक संध्याकाळचा कार्यक्रम होता, त्याला तो तिला घेऊन गेला. जाताना वाटेत म्हणाला, "नोकरी आहे का, असं विचारायचं नाही. तुमच्याकडे सध्या काय अडलंय, एवढंच विचारायचं आणि मग गप्प बसायचं. लोक बोलतात."

पहिल्या संध्याकाळी तिचं काहीच जमलं नाही. छातीवर नावाचं स्टिकर लावून, करी पफची बशी धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. एका बँकेतल्या माणसाला तिने महिन्याचे हिशेब कसे बंद करतात ते इतकं सविस्तर सांगितलं की तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला आणि मग पाणी आणतो सांगून गेला तो गेलाच. घरी येऊन तिने स्टिकर काढलं.

"कसं झालं?" प्रबोधने विचारलं.

"लग्नात नवऱ्याकडच्यांनी नवरीकडच्यांशी बोलावं तसं बोलत होते सगळे. मला नाही जमणार."

पण ती परत गेली. दुसऱ्या वेळी एका हॉस्पिटलच्या अकाउंट्स विभागातली बाई शेजारी उभी होती. अनघाने वरुणने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं विचारलं. बाईने सुस्कारा सोडला आणि बोलायला लागली. विमा कंपन्यांकडून हॉस्पिटलचे पैसे वेळेवर येत नाहीत, कुठल्या कागदामुळे अडतात तेच कळत नाही. अनघाने सगळं ऐकून घेतलं आणि मग मलारबद्दल सांगितलं. ते कागद विमा कंपनीच्या बाजूने बघण्यात तिची इतकी वर्षं गेली होती. हे सांगताना अनघाला शब्द शोधावे लागले नाहीत. स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलताना जिची जीभ अडखळायची, ती आपल्या माणसांबद्दल सरळ, मोकळेपणाने बोलत होती. पुढच्या महिन्यात मलारला तिथे बोलावणं आलं.

मग अनघाचा डबा घरीच राहायला लागला. दुपारी ती रोज कुणाबरोबर तरी जेवायला जायची. जुने सहकारी, ऑडिटच्या निमित्ताने भेटलेली माणसं, वरुणने गाठ घालून दिलेली माणसं. काहींना तिने छोटी मदत केली. कुणाला पुण्यातला चांगला सीए हवा होता, कुणाला नवीन नियम समजत नव्हता. काही जण नुसतेच जेवले आणि पुन्हा फोन उचलला नाही. स्यू लिंगला एका ऑडिट फर्मने घेतलं. दोघं तरुण आपापले गेले. मधूनमधून अनघा पुण्याला जात होती. खराडीच्या चकचकीत इमारतीत पंचविशीतली मुलं-मुली तिच्याभोवती बसून शिकत होती. भराभर शिकत होती, आणि ती त्यांना मनापासून शिकवत होती. त्यांच्यात काही खोट नव्हती. एका मुलीने चहा पिताना विचारलं, "मॅम, सिंगापूरची टीम आता दुसरं काय करणार?" अनघाने सांगितलं, "काही जणांना नोकऱ्या मिळाल्यात." मुलीने कप खाली ठेवला. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर आला तरी हॉक कियोंगचं काही होत नव्हतं. कामात त्याचा हात कुणी धरला नसता, पण मुलाखतीला गेला की घोटाळा व्हायचा. एका ठिकाणी त्याने समोरच्याला सांगितलं की तुमची सिस्टिम भंगारात काढायच्या लायकीची आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याला वय विचारलं, तेव्हा त्याने उलट विचारणाऱ्याचं वय विचारलं.

"जरा सांभाळून बोलता नाही का येत?" अनघाने विचारलं.

"येतं," हॉक कियोंग म्हणाला. "पण मग ते कुणा दुसऱ्याच गोड माणसाला घेतल्यासारखं होईल, आणि सोमवारी कामावर जाणार मीच."

याच सुमारास श्रीनिवास केतकरांची गाठ पडली. केतकर एका मध्यम आकाराच्या जहाज कंपनीचे वित्तप्रमुख. मूळचे मुंबईचे, आता सिंगापूरचे नागरिक. त्यांचं ऑफिस तांजोंग पगारला. त्यांच्याकडे फायनान्स मॅनेजर निवृत्त होत होता. अनघा त्यांना भेटली ती हॉक कियोंगसाठी. जहाजांच्या विम्याचं आणि नुकसानभरपाईचं त्यांच्याकडे बरंच काम होतं, आणि ते हॉक कियोंगइतकं कुणाला कळलं नसतं, असं तिने सांगितलं. केतकर म्हणाले, बघू. ती आठवड्याने पुन्हा गेली. केतकर म्हणाले, पाठवा. हॉक कियोंग जाऊन आला, बरं झालं म्हणाला. नंतर बरेच दिवस काही कळलं नाही म्हणून ती तिसऱ्यांदा गेली.

या वेळी केतकर तिला खाली कॉफी प्यायला घेऊन आले.

"तुमचा माणूस हुशार आहे," ते म्हणाले. "पण ही जागा त्याची नाही. हाताखाली बारा माणसं आहेत. त्याने आयुष्यात कधी टीम सांभाळलेली नाही, आणि आता या वयात तो शिकेल असं मला वाटत नाही."

"एकदा संधी देऊन बघा. मी—"

"अनघाताई, माझं पुरतं ऐका. ही जागा तुम्ही घ्या."

अनघाला आधी नीट कळलं नाही. "मी यासाठी आले नव्हते."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारतोय. तुम्ही तीनदा आलात, तीनही वेळा दुसऱ्याबद्दल बोललात. त्याला काय येतं, काय येत नाही, तो कुठे तिरसट वागतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. माझ्या बारा जणांना असं ओळखणारं माणूस मला हवंय."

"जागा मी त्यांच्यासाठी मागितली होती."

"आणि त्यांना ती मिळालेली नाही," केतकर शांतपणे म्हणाले. "तुम्ही नाही म्हणालात तर मी जाहिरात देईन. त्यांना तरीही मिळणार नाही. आठवडाभर विचार करा."

त्या आठवड्यात अनघाने घरी दोनदा विषय काढला. प्रबोधने ताबडतोब सांगितलं, घे. वरुणने देऊ केलेल्या कामात महिन्यातले दोन आठवडे पुण्यात जाणार होते, आणि ते काम तरी आणखी किती वर्षं टिकणार होतं कुणाला माहीत. आर्या तेव्हा सेकंडरीत होती. ती मोबाइलवरून नजर न काढता तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "टेक लाह, आई. तू पुण्याला गेलीस की बाबा रोज इन्स्टंट नूडल्स देतात."

"हॉक कियोंगना काय सांगू?" अनघाने प्रबोधला विचारलं.

"खरं सांग. किंवा काही सांगू नकोस. डिसेंबरनंतर तुमची गाठ तरी कुठे पडणार आहे?"

अनघा विचार करत होती असं म्हणता येणार नाही. जागा हवी आहे हे तिला त्या कॉफीच्या टेबलावरच कळलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं काम नव्हे, तिला बघून जागा देऊ केली होती. तिला आनंद झाला होता, आणि हॉक कियोंगचा चेहरा डोळ्यांसमोर आला की तो आनंद अडायचा. पण जात नव्हता. तिने केतकरांना फोन करून हो सांगितलं आणि शनिवारी सकाळी यिशुनची गाडी पकडली.

हॉक कियोंगच्या ब्लॉकखालीच कॉफी शॉप होतं. तो चिनी वर्तमानपत्र उघडून बसला होता. घरच्या हाफ पँटमध्ये तो ऑफिसमधल्यापेक्षा म्हातारा दिसत होता. त्याने तिच्यासाठी कोपी, म्हणजे तिथली गोड कॉफी, मागवली आणि विचारलं, "जहाजवाल्यांचं आलं का काही?"

"आलं. तुम्हाला ते घेत नाहीयेत."

त्याने मान हलवली. वर्तमानपत्राची घडी केली. "हे सांगायला यिशुनपर्यंत आलीस? फोन करायचा."

"अजून आहे. ती जागा त्यांनी मला दिली. मी हो म्हटलंय."

शेजारच्या टेबलावर चौघं म्हातारे होक्कियन या चिनी बोलीत मोठमोठ्याने बोलत होते. हॉक कियोंगने वर्तमानपत्राची आणखी एक घडी घातली.

"माझ्यासाठी गेलीस," तो म्हणाला, "आणि स्वतःसाठी घेऊन आलीस."

"हो."

"मी म्हटलं नको घेऊस, तर सोडशील?"

हा प्रश्न येणार हे अनघाने गाडीत बसल्यापासून ओळखलं होतं. सोडेन असं म्हणणं सोपं होतं. त्याने तिला सोडायला लावलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "सोडणार नाही."

"मग विचारायला कशाला आलीस?"

"विचारायला नाही आले. सांगायला आले. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून."

"ठीक आहे, लाह," हॉक कियोंग म्हणाला. "सांगून झालं."

तो उठला, वर्तमानपत्र काखेत मारलं आणि लिफ्टकडे गेला. अनघाची कोपी अर्धी राहिली होती. ती तिने संपवली. एमआरटी स्टेशनकडे चालताना तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. मोकळंही वाटलं नाही. सेरंगूनला उतरून तिने मॉलमधून भाजी घेतली आणि घरी गेली.

उरलेले आठवडे हॉक कियोंग कामापुरतं बोलला. पुण्याच्या मुलांना त्याने आपलं सगळं काम शिकवलं, काही हातचं राखून ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी वरुणने केक आणला होता. हॉक कियोंगने केक खाल्ला, सगळ्यांशी हात मिळवला, अनघाशीही, आणि खाली गेला. नंतर मलारकडून कळलं की तो टॅक्सी चालवायचं लायसन काढतोय.

अनघा २०१७च्या जानेवारीत जहाज कंपनीत रुजू झाली. तिथली बारा माणसं तीन खोल्यांत बसायची आणि एका खोलीतल्यांना दुसऱ्या खोलीत काय चालतं ते माहीत नसायचं. तिने टेबलं हलवली नाहीत. पहिले दोन-तीन महिने ती एकेकाला घेऊन जेवायला गेली आणि तुमचं काय अडलंय ते विचारत राहिली. बहुतेकांचं शेजारच्या खोलीत अडलेलं असायचं. तेव्हा तिने दर मंगळवारी सकाळी तिन्ही खोल्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली, चहा आणि चार पार्लेच्या बिस्किटांवर. पहिल्या मंगळवारी कुणी बोललं नाही. महिन्याभरात त्यांना थांबवावं लागायला लागलं. केतकर एकदा दारातून डोकावले आणि एक बिस्किट उचलून गेले.

नुकसानभरपाईचे दावे मात्र तसेच पडून होते. ते उपसायला एक माणूस घ्यायला केतकरांनी परवानगी दिली, कंत्राटावर, आठवड्यातून तीन दिवस. अनघाने हॉक कियोंगला फोन केला. त्याने उचलला नाही. तिने ईमेल केली. महिना गेल्यावर उत्तर आलं. त्यात नमस्कार नव्हता, चौकशी नव्हती, फक्त तो रोजचे किती घेईल तेवढं होतं. ती रक्कम जास्त होती. अनघाने केतकरांशी भांडून ती मंजूर करून घेतली.

तो आला तेव्हा त्याने तिला मिसेस मोघे म्हणायला सुरुवात केली. पूर्वी तो तिला बॉस म्हणायचा, अर्धं चेष्टेने. आता चेष्टा नव्हती. काम तो पूर्वीसारखंच करत होता. मंगळवारच्या चहाला येत नव्हता, कारण मंगळवार त्याच्या दिवसांत बसत नव्हता, आणि दिवस त्यानेच निवडले होते. अनघाने दोन-तीनदा जेवायला चला म्हणून विचारलं. आज नको, तो म्हणायचा. मग तिने विचारणं सोडलं. दोघांत वाईट असं काही नव्हतं. फक्त यिशुनची ती सकाळ दोघांच्या मध्ये कुठेतरी ठेवलेली होती आणि दोघं तिच्या बाजूने जात-येत होते.

अनघाचं चांगलं चाललं होतं. संघटनेच्या कार्यक्रमांना ती आता नेहमी जायची. नव्याने आलेली, भिंतीला टेकून उभी असलेली एखादी मुलगी दिसली की तिला चार जणांत घेऊन जायची. वरुण हाँगकाँगला गेला, तिथूनही त्याचे अधूनमधून फोन यायचे. पुण्याच्या टीममधली दोघं-तिघं तिच्याशी संपर्क ठेवून होती. दुसऱ्या वर्षी केतकरांनी तिला आपल्यानंतरची व्यक्ती म्हणून मालकांना भेटवलं.

२०१८ संपत आलं होतं. एका शुक्रवारी हॉक कियोंग तिच्या खोलीत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "कंत्राट पुढे वाढवू नका. मला नोकरी मिळाली. पूर्ण वेळ."

"कुठे?"

त्याने जहाजांचे विमे उतरवणाऱ्या एका कंपनीचं नाव घेतलं. त्या कंपनीचा माणूस दाव्यांच्या कागदांसाठी दर बुधवारी इकडे यायचा, हे अनघाला ठाऊक होतं.

"तुम्ही अर्ज केला होता?"

"अर्ज कसला? जेवायला बरोबर जायचो. त्यालाही फिश सूप आवडतं, मलाही. वर्षभर बुधवारी एकाच टेबलावर जेवलो. त्याच्याकडचा माणूस सोडून गेला, तेव्हा त्याने विचारलं. मुलाखतीला मी काही बोललो नाही फारसं. त्याला माहीतच होतं मी कसा आहे ते."

"छान झालं," अनघा म्हणाली, आणि तिला ते खरंच तसं वाटलं. ती उठून टेबलाच्या पलीकडे आली. हॉक कियोंग अजून उभाच होता. तो आणखी काहीतरी बोलेल अशी तिला आशा वाटली. यिशुनबद्दल, त्या जागेबद्दल, बरं केलंस किंवा वाईट केलंस, काहीही. तीही बोलू शकली असती. पण तिने जे केलं होतं त्याची माफी मागावी असं तिला आजही वाटत नव्हतं, आणि माफीशिवाय त्यावर काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

"फायलींच्या कपाटावर एअरकॉनचं पाणी गळतंय," हॉक कियोंग म्हणाला. "मागच्या महिन्यापासून. बादली मी ठेवतोय. मी गेल्यावर कुणी ठेवणार नाही."

"आजच माणूस बोलावते."

"हं," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला, तिने तो हातात घेतला. मग तो आपल्या टेबलाकडे गेला आणि राहिलेलं काम करत बसला.

अनघाने इमारतीच्या मेंटेनन्सला फोन लावला. माणूस दुपारी येईल म्हणाले. साडेबाराला तिला एका बँकेतल्या बाईंबरोबर जेवायला जायचं होतं. तिने पर्स उचलली, कपाटाखालची बादली भरत आली होती ती पँट्रीत नेऊन रिकामी केली, परत जागेवर ठेवली, आणि ती खाली गेली.